न धुतलेला उंबरा

घोटावड्यात धोंडाबाईचं घर कुठलं असं विचारलं तर कुणी घरनंबर सांगत नाही. सांगतात, "गिरणीवरनं खाली उतरा. सकाळी सहाला ज्या दाराचा उंबरा वला दिसल, तेच." दुपारी विचारणाऱ्यानं काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

बाई चौसष्ट वर्षांची. सतराव्या वर्षी या घरात आली आणि दुसऱ्याच सकाळी सासूनं तिच्या हातात तांब्या दिला. तेव्हापासून तांब्याभर पाणी, नारळाच्या शेंडीनं घासणं, मग दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू आणि खाली चार रेघांची रांगोळी, हे तिच्या दिवसाचं पहिलं काम. जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं, तेव्हा ठेकेदार म्हणाला की उंबरा ग्रॅनाइटचा करू, पुसायला सोपा. धोंडाबाईनं त्याचं काम दोन दिवस थांबवलं आणि जुना सागवानी उंबराच नव्या चौकटीत बसवून घेतला. पुसायला सोपा हवा असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

सात वर्षांपूर्वी तिचा नवरा गेणबा गेला. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी पहाटे बाई तांब्या घेऊन दारात उभी. धाकटी जाऊ सुलक्षणा शेजारच्याच घरात राहते. ती पदर सावरत धावत आली. म्हणाली, आक्का, आता हळदकुंकवाला तुम्ही हात लावायचा नाही, उंबऱ्याचं मी बघत जाईन. धोंडाबाईनं घासता घासता मानही वर केली नाही.

"नवरा माझा गेलाय. उंबऱ्याचा न्हाई."

हे वाक्य गावात महिनाभर फिरलं. काही बायका हसल्या, काहींनी तिच्या दारावरून जाणं सोडलं, खालच्या आळीतल्या दोघीतिघी विधवांनी मात्र गुपचूप आपापल्या दारात पुन्हा रांगोळी घालायला सुरुवात केली. सुलक्षणा आणि ती बोलत राहिल्या, वाटीभर साखर इकडून तिकडे जात राहिली, पण उंबऱ्याचा विषय दोघींमध्ये तसाच उभा राहिला.

तर असा तो उंबरा. आणि एक दिवस बाईनं तो धुवायचं बंद केलं, एका मांजरासाठी.

मांजर गोठ्यातलं. दोन्ही घरांच्या मागं जुना सामाईक गोठा होता. जनावरं विकून वर्षं झाली होती, माळ्यावर थोडा पेंढा तेवढा उरला होता. तीन वर्षांपूर्वी त्या पेंढ्यात भुरी जन्मली. राखी अंग, शेपटीचं टोक पांढरं, डावा कान कुरतडलेला. तिची आई कंपनीच्या रस्त्यावर टँकरखाली गेली. बहिणीला रस्त्यावरच्या कुत्र्यांनी अंगणातच धरलं, आणि धोंडाबाई काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भुरीनं हे माळ्यावरून पाहिलं असावं. त्यानंतर ती कुणाच्याही हाताला आली नाही. ताटलीतलं बोंबलाचं डोकं उचलायची आणि माळ्यावर नेऊन खायची. देणाऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

गेल्या श्रावणात धोंडाबाई गोठ्यात घसरून पडली. मनगट मोडलं आणि पाय असा मुरगळला की उठता येईना. शेजारी कुणी नव्हतं, घरात ठेवलेले भाडेकरू कंपनीत कामाला गेलेले. दीडदोन तास ती गोठ्याच्या जुन्या फरशीवर पडून होती. हाका मारून दमली, तेव्हा तिला दिसलं की दोन हातांवर भुरी बसली आहे. जवळ आली नाही. पण गेलीही नाही. पावसाचा मारा आत येत होता, मांजराला पाऊस नको असतो, तरी ती तशीच भिजत बसून राहिली. शेवटी भाडेकरू मनीष पाळी संपवून आला आणि त्यानं बाईला उचललं, तेव्हा कुठं ती माळ्यावर गेली. धोंडाबाईनं ही गोष्ट कुणाला फार सांगितली नाही. सांगून काय, लोक म्हणणार मांजर ते, कुठंही बसतं.

यंदा भादव्यात धाकटा दीर, सुलक्षणेचा नवरा चंद्रकांत, यानं आपल्या वाटणीची जागा विकली. धोंडाबाईनं आपली विकली नाही, पण गोठा त्याच्या वाटणीत होता. घेणाऱ्यानं घटस्थापनेचा मुहूर्त धरला. सकाळी नारळ फुटणार आणि लगेच जेसीबी गोठ्यावर चालणार. पितृपक्ष लागला त्याच दिवशी चंद्रकांतनं हे भिंतीपलीकडून सांगितलं. बाईनं फक्त एवढंच विचारलं, की मग भुरीचं काय.

चंद्रकांत मनानं वाईट नाही. त्यानं लगेच तोड काढली. "वहिनी, त्याचं टेन्शन घेऊ नगा. पोत्यात घालतो आन् ताम्हिणीला सोडून येतो. तितं धाबे हायेत, मजेत खाईल."

"पोत्यात न्हाई घालायचं तिला."

"मग जाईल कशी?"

"जायचीच न्हाई. माझ्या घरात येईल. तिच्या पायानं."

चंद्रकांत हसला. सुलक्षणा धान्य पाखडत होती, तीही हसली. म्हणाली, आक्का, ते मांजर तुमच्या सावलीला उभं राहत नाही, घरात कुठलं येतंय. धोंडाबाई आत गेली आणि ताटली घेऊन बाहेर आली.

गोठ्याच्या दारापासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर तिनं हातानं मोजलं. चौदा हात भरलं. दिवस पंधरा होते. अंगणात राहून भागणार नव्हतं, कारण गोठा गेला की चारी बाजू उघड्या पडणार आणि रस्त्यावरची कुत्री थेट आत. घराच्या आतच आणायला हवं होतं. नवीन गाईला नव्या दावणीची सवय लावताना वैरण रोज थोडी थोडी पुढं सरकवतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं तेच केलं. रोज ताटली दोन हात पुढं. पहिल्या दिवशी भुरीनं ताटलीकडे अर्धा तास बघितलं, मग झडप घालून डोकं पळवलं. चौथ्या दिवशी ती ताटलीजवळच खाऊ लागली. सातव्या दिवशी ओट्यावर चढली. धोंडाबाईला वाटलं, काम फत्ते, हिशोबाच्या निम्म्या दिवसांत.

आठव्या दिवशी ताटली उंबऱ्याच्या आत ठेवली. भुरी ओट्यावर आली, मान पुढं केली, उंबऱ्यापाशी नाक हललं आणि तव्यावर पाय पडल्यासारखी मागं सरली. ओट्याच्या कडेला बसून ताटलीकडे बघत राहिली आणि उपाशीच गेली. 

बाईनं विचार केला आणि इथंच ती चुकली. तिला वाटलं, ओट्यावर मनीषचे आणि त्याच्या जोडीदाराचे कंपनीचे बूट असतात, त्यांना मशीनच्या तेलाचा वास येतो, तोच मांजराला सोसत नसणार. मनीषला तिनं बूट मागच्या बाजूला ठेवायला सांगितले. त्यानं "ठीक है मौसी" म्हणून ठेवले, कारण विचारलं नाही. मग बाईनं उंबरा दोनदा धुवायला घेतला, सकाळी आणि संध्याकाळी. पाण्यात फिनेलही टाकलं. घरी कुणी पहिल्यांदा यायचं असेल तर आपण दार स्वच्छ करतो, वास उडवतो, हे तिच्या सगळ्या जन्माचं शिक्षण होतं. ती भुरीची तयारी मन लावून करत होती.

नवव्या दिवशी भुरी ओट्यावरही चढली नाही.

दहाव्या दिवशी दुपारी धोंडाबाई खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होती. सकाळी घाईत फिनेल टाकायचं राहून गेलं होतं. भुरी ओट्यावर आली. उजव्या चौकटीपाशी गेली, गाल लाकडावर टेकवला आणि खालून वर, वरून खाली घासत राहिली. मग डाव्या चौकटीला. मग खांबाला. हे सगळं तिनं इतक्या निगुतीनं केलं की बाईला हसू आलं. संध्याकाळी बाईनं सवयीनं उंबरा, चौकटीचा खालचा भाग, खांबाचा पाया, सगळं खसाखसा घासलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भुरी पुन्हा आली, उजव्या चौकटीला नाक लावलं, अनोळखी घरी आल्यासारखी दोन पावलं मागं गेली आणि पहिल्यापासून सुरू केलं. गाल, खालून वर, वरून खाली.

सुपातले हात थांबले.

धोंडाबाईला कपिला आठवली. शेखर, तिचा मुलगा, सात वर्षांचा असताना त्यांची कपिला गाय व्याली. शेखरला वासराचा असा पुळका की कुणाचं लक्ष नाही बघून त्यानं त्याला कोमट पाण्यानं, साबण लावून आंघोळ घातली. कपिलानं आपल्याच वासराला लाथ मारली. दोन दिवस पाजलं नाही. गेणबानं मग कपिलाच्या पायाखालचा पेंढा उचलून वासराला चोळला, वर मीठ लावलं, तेव्हा कुठं तिनं त्याला चाटून घेतलं. गाईनं वासरू टाकलं नव्हतं, साबण टाकला होता.

"म्हंजी आडवी ती न्हाई येत," बाई स्वतःशीच म्हणाली. "आडवी मीच येतीया."

भुरी रोज दुपारी त्या दाराला आपला वास लावून ते आपलं करत होती आणि धोंडाबाई रोज सकाळ-संध्याकाळ ते पुसून टाकत होती. रोज नव्यानं परकं केलेल्या घरात कोण येईल?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी उठली, तांब्या भरला, दारात आली. हात आपोआप वाकला. मग तिनं ते पाणी पेरूच्या बुडाशी ओतलं आणि आत गेली. आत गेल्यावर काय करायचं ते तिला कळेना. सत्तेचाळीस वर्षं ही वेळ कधी रिकामी गेली नव्हती. चहा केला, तो लवकर झाला. भाकरीचं पीठ मळलं, तेही लवकर झालं.

नऊ वाजता सुलक्षणा आली. कोरड्या उंबऱ्याकडे तिनं एकदा बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान आलं. आवाजही मऊ झाला.

"बरं केलंत, आक्का. उशिरा का हुईना, रीत पाळलीत. आता उंबऱ्याचं मी बघत जाईन."

धोंडाबाईची कानशिलं तापली. सात वर्षं ती ज्यासाठी उभी होती, ते एका कोरड्या सकाळीत हरल्यासारखं दिसत होतं. तांब्या हाताशी होता. एक तांब्या पाणी ओतलं असतं, दोन बोटं कुंकू लावलं असतं, तर सुलक्षणेचं तोंड जागच्या जागी बंद झालं असतं. आणि चौकटीवर काल दुपारी घासलेला गाल पुन्हा धुऊन गेला असता. दिवस चार उरले होते.

"रीतबीत काय पाळली न्हाई," ती म्हणाली. "भुरीसाठी थांबलीया. तिचा वास धुतला जातुय."

 सुलक्षणेनं धोंडाबाईच्या हातावर हात ठेवला. "येवढं लपवायचं कशाला, आक्का? कुनी हसणार न्हाई तुमाला."

हे तर हसण्याहून वाईट होतं. भांडण झालं असतं तर बाईनं ते निभावलं असतं, पण समजूत काढली गेल्यावर काय बोलणार? संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे धोंडाबाई शेवटी वळणावर आली, आणि दुसरी म्हणजे तिचं डोकं फिरलं. मांजराची गोष्ट खरी असेल असं कुणालाच वाटलं नाही.

"समजा काय समजायचं ते," असं म्हणून बाई गोठ्यात गेली आणि माळ्यावरचं एक पोतं खाली ओढलं. त्यात जुना पेंढा होता आणि त्यावर भुरी झोपायची. केस, धूळ, उंदराच्या शेपट्या, सगळं त्यात. घट बसायच्या आधीचे हे दिवस म्हणजे गावभर धुणी चाललेली. गोधड्या, वाकळा, पडदे, डबे, झाडून सगळं बाहेर काढलेलं, बायका टोपल्या भरभरून नदीवर जात होत्या. त्या सगळ्यांच्या समोरून धोंडाबाई ते घाणेरडं पोतं डोक्यावर घेऊन घरात निघाली. कुणीतरी विचारलं, बाहेर काढायचं सोडून आत काय नेताय?  दारात थांबून, सगळ्यांना दिसेल असं, ते पोतं तिनं आधी उजव्या चौकटीवर घासलं, मग डाव्या, मग उंबऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि पुढच्या खोलीत, खाटेखाली, नेऊन ठेवलं. फिनेलची बाटली मनीषला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुरीनं पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत टाकले. मागचे दोन बाहेरच. तेवढ्यात डोकं उचललं आणि पळाली. पण पळताना चौकटीला अंग घासून पळाली. धोंडाबाई त्या दोन पायांवर दिवसभर खूश होती.

त्याच्या पुढचा दिवस रविवार. शेखर बावधनहून गाडी घेऊन आला. काकूचा, म्हणजे सुलक्षणेचा, फोन गेला होता. डिकीत नवा मॉप, बादली आणि लिंबाच्या वासाचं पाच लिटरचं लिक्विड. शेखर हिंजवडीत यंत्रांना चालवणाऱ्या प्रोग्रामचं काम करतो, आणि बिघडलं की दुरुस्त करायचं हा त्याचा स्वभावच आहे. उंबऱ्यावर चिखलाचे पंजे, केस, भाडेकरूंच्या पायांची धूळ बघून त्यानं काही विचारलं नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बादली भरायला लावली.

धोंडाबाई बाहेर आली. त्याच्या हातात मॉप बघितला आणि उंबऱ्यावर बसली. बैठक मारून, मधोमध.

उंबऱ्यावर कुणी बसत नाही. तिनंच शेखरला लहानपणी त्यापायी चार धपाटे घातले होते.

"आई, ऊठ. उंबऱ्यावर बसतं का कुणी?"

"मी बसलीया."

"लोक काय बोलतायत माहितीये का तुला?"

"सात वर्सं तेच ऐकतीया. आता पाठ झालंय."

शेखरनं मॉप खाली ठेवला. मग शांतपणे, कामाच्या मीटिंगमध्ये बोलतो तसा, त्यानं उपाय सांगितला. पकडायचा पिंजरा मिळतो, तो उद्या मागवू. आत मासा ठेवायचा, मांजर आत गेलं की झडप पडते. घरात सोडायचं, दार बंद करायचं. आठवड्याभरात सवय होते, त्यानं वाचलं होतं. आणि मग उंबरा धुवायला आपण मोकळे. त्यात चुकीचं काही नव्हतं. लोक तसं करतात आणि मांजरं राहतातही.

धोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. शेखर दोन वर्षं तिला बावधनच्या फ्लॅटवर राहायला बोलवत होता. दर वेळी ती भाताची लावणी, भाडेकरू, मनगट असं काहीतरी पुढं करायची.

"मला बी असंच न्यायचं ठरवलंय का रं? मासा ठेवून, दार लावून?"

"तुला कोण कोंडतंय, आई?"

"म्हनूनच म्हनतीया. तिला बी न्हाई कोंडायचं."

 बादलीतलं पाणी नळाखाली भरून वाहत होतं, शेखरनं नळ बंद केला.

त्याच वेळी चंद्रकांत आणि सुलक्षणा आले. आले ते ठरवूनच आले होते. थोरल्याचं घर म्हणून कुळाचा घट आजवर धोंडाबाईकडे बसत होता. चंद्रकांत आडून आडून बोलत राहिला, शेवटी सुलक्षणेनंच सांगितलं. ज्या घराचा उंबरा असा, त्या घरात देव कसा बसवायचा? एकतर आज धुऊन घ्या, मी धुते हवं तर. नाहीतर यंदा घट आमच्याकडे. तिच्या आवाजात दावा नव्हता. आक्का उठेल आणि धुऊ देईल, अशीच तिची खात्री होती.

धोंडाबाईनं घराच्या आत, पूर्वेच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथं दरवर्षी ती पत्रावळीवर काळी माती पसरायची, धान्य पेरायची, आणि नवव्या दिवशी कोंब वीतभर व्हायचे. नवरा गेला त्या वर्षीही ते झाले होते.

"न्या," ती म्हणाली. "देव कुटं बी बसतो, सुलक्षणे. भुरीला एकच जागा ऱ्हायलीया."

 मग तिनंच शेखरला सांगितलं की देव्हाऱ्यातले टाक आणि तांब्याचा कलश काढ आणि काकूला दे. शेखर आत गेला. देव लाल कापडात गुंडाळून दोन्ही हातांत धरून आला, तेव्हा धोंडाबाईनं फक्त गुडघे एका बाजूला घेतले. उठली नाही. तिच्या खांद्यावरून देव बाहेर गेले. सुलक्षणेनं पदर पुढं करून ते घेतले. तिच्या मनात हे असं नव्हतं.

सगळे गेल्यावरही बाई तिथंच बसून राहिली. थोडं रडू आलं, ते तिनं पदरानं पुसलं. शेखर जाताना तिच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवून गेला, आणि मॉप परत डिकीत टाकला. ऊन उतरलं. गुडघे आखडले, म्हणून तिनं एक पाय ओट्यावर सोडला. भुरी पेरूखालून आली. ओट्यावर चढली, थांबली. बाईच्या लुगड्याच्या काठाला नाक लावलं. धोंडाबाईनं श्वास धरला नाही. जनावराला धरलेला श्वास कळतो. ती रस्त्याकडे बघत राहिली. तिची कंबर आणि उजवी चौकट यांच्यात वीतभर फट होती. भुरी त्या फटीतून आत गेली, शेपटी बाईच्या कोपराला लागून गेली.

आत खाटेखाली पोतं उकरल्याचा आवाज आला. मग खाल्ल्याचा. हात मागं नेऊन दार ओढलं असतं तर झालं असतं. पण बाई बसून राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी भुरी त्याच फटीतून बाहेर पडली आणि गोठ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, ती तीनदा आली. पाऊस आला, तेव्हा दुपारभर आतच राहिली. पण मुक्काम गोठ्याच्या माळ्यावरच. घर तिला चालत होतं, एवढंच म्हणता आलं असतं. घाबरल्यावर ती कुठं पळेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, धोंडाबाईलाही नाही. (पुढं कितीतरी दिवसांनी तिनं उंबरा पुन्हा धुवायला घेतला, तेव्हाही उजवीकडची वीतभर जागा ती कोरडी ठेवायची. पण ते पुढचं.)

घटाच्या सकाळी ती सुलक्षणेकडे जाऊन घटाला फूल वाहून आली. मग मागं नारळ फुटला. जागा घेणारे, त्यांची माणसं, आळीतले बघे, असे तीसेक लोक जमले. जेसीबी चालू झाला आणि जमीन थरथरली. धोंडाबाई सरळ ड्रायव्हरपाशी गेली आणि त्याला सांगितलं की आधी हॉर्न वाजव, मग मागच्या भिंतीकडून घे, पुढचं दार मोकळं ठेव. तो पोरगेला ड्रायव्हर मालकाकडे बघू लागला. बाई म्हणाली, मालकाकडे काय बघतोस, माळ्यावर जीव आहे. त्यानं मशीन फिरवून मागं घेतलं आणि हॉर्न दिला.

भुरी माळ्यावरून तुळईवर, तुळईवरून खाली आली आणि अंगणाच्या मधोमध थांबली. अंग फुगलेलं, कान मागं. डाव्या हाताला कुंपणाची फट, पलीकडे शेत आणि कंपनीचा रस्ता. उजव्या हाताला ओटा. आजूबाजूला तीस माणसं. चंद्रकांतला वाटलं मदत करावी, त्यानं तिला घराकडे हाकायला हात वर केला.

"कुनी हलायचं न्हाई."

हा आवाज घोटावड्यानं त्याआधी ऐकला नव्हता. चंद्रकांतचा हात हवेतच राहिला. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं.

मशीन मागं गेलं तशी धोंडाबाई दारात येऊन उभी होती, ती बाजूला झाली, दार पूर्ण उघडं सोडलं आणि अंगणाकडे पाठ करून भिंतीशी उभी राहिली. बोलावलं नाही, ताटली वाजवली नाही. बोलावून यायची असती तर तीन वर्षांत आलीच असती. भिंतीच्या रंगाचा एक पापुद्रा सुटला होता, ती त्याच्याकडे बघत राहिली. मागं इतकी शांतता होती की मशीनच्या गरम पत्र्याची टिकटिक ऐकू येत होती.

मग कुणीतरी सुस्कारा सोडला. सुलक्षणा तिच्या जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "गेली, आक्का. आत गेली. सरळ आत."

धोंडाबाईनं वळून तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "सांगितलं व्हतं की न्हाई, मांजरासाठी म्हनून?"

सुलक्षणेनं मान हलवली. 

मागं पहिली भिंत कोसळली. बाई आत गेली आणि भुरी आत असताना आज पहिल्यांदा तिनं दार लावलं, भुरीवर नव्हे, त्या आवाजावर. भुरी खाटेखाली पोत्याच्या आड अंगाचा गोळा करून बसली होती. मांडणीवरची भांडी किणकिणत होती. धोंडाबाईनं दूधभाकरी कुस्करली, ताटली खाटेखाली सरकवली, आपली भाकरी घेतली आणि खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसली.

दारावर थाप पडली. चंद्रकांत होता. मांजर खरंच राहिलं का, लोक विचारत आहेत, एकदा बघू द्या म्हणत होता.

"आमी दोघी जेवतोय," धोंडाबाई आतून म्हणाली. "मग या."

"वहिनी, आज घटाचा उपास न्हाई का तुमचा?"

"आज न्हाई."

चंद्रकांतची पावलं ओट्यावरून उतरली. खरं म्हणजे अजून कुणीच जेवत नव्हतं. भुरी ताटलीकडे बघतसुद्धा नव्हती. पण जेवतोय म्हणून सांगितलं होतं, तेव्हा कुणीतरी जेवायला हवं. धोंडाबाईनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.